तान्हा पोळा परदेशातल्या बालवाडीत

प्रश्न : आम्ही चार बालवाडी शिक्षिका जपानमधल्या एका बालवाडीच्या भेटीला जाणार आहोत. तिथल्या मुलांकडून तान्हा पोळा, म्हणजे मुलांनी छोटे लाकडी बैल ओढत नेण्याचा विदर्भातला सण, करून घ्यायचाय. लाकडी नंदी न्यावेत का?
– एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, नमुन्याला एकच रंगवलेला नंदी न्या. बाकीचे बैल मुलांच्या हातूनच होऊ द्या, खरा आनंद त्यातच आहे. दर मुलामागे दुधाचा रिकामा खोका, बाटलीची चार सारखी झाकणं, बांबूच्या दोन काड्या आणि हातभर सुतळी पुरते. झाकणांना मधोमध भोकं घरूनच पाडून न्या. टोच्या विमानात हातातल्या सामानात चालत नाही. काडी झाकणात घट्ट बसावी, खोक्याच्या भोकात मात्र सैल फिरावी. उलटं झालं की चाक फिरत नाही, बैल नुसता घसटत जातो. सुतळी खाली, चाकांच्या उंचीला बांधा. वर बांधली तर ओढताच बैल तोंडावर पडतो.

शेतातली माती नेऊ नका, जपानमध्ये ती आणायला बंदी आहे. पळसाची पानं, बियाणंही घरीच ठेवा. बोजाऱ्यात, म्हणजे मुलांना द्यायच्या भेटीत, शेंगदाण्याची चिक्की नको, अ‍ॅलर्जीचा धोका असतो. नाणी लहानगी गिळतात. कागदी तोरण द्या.

पासपोर्टवर आणि आधारवर नाव एकच आहे ना, हे आजच बघा. माहेर-सासरच्या नावांतल्या फरकामुळे कागदपत्रांचं काम अडू शकतं.