स्वगत हे जुनाट तंत्र आहे का?

प्रश्न असा आहे: ‘अभिनय कार्यशाळेत आमचे सर म्हणाले की स्वगत हे जुनाट तंत्र आहे, सिनेमा आल्यावर ते संपलं. खरं आहे का? कविता, नाटक आणि सिनेमा यांत नाट्य आणायची तंत्रं वेगवेगळी असतात का? मला एकपात्री स्पर्धेत उतरायचंय, काय निवडू?’

तुमच्या सरांनी साठी ओलांडली असेल आणि दर दोन वाक्यांनी ते ‘नैसर्गिक’ म्हणत असतील, तर मी त्यांना ओळखतो. दुसरेच कुणी असतील तर आधीच माफी मागून ठेवतो.

१९९६ साली आमच्या हौशी मंडळाने ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवलं. तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं, सुलभा देशपांडे बेणारे होत्या वगैरे तुम्हाला माहीत असेलच. बेणारे म्हणजे लुटुपुटूच्या खटल्यात आरोपी केलेली शिक्षिका. आमच्याकडे मी काशीकर. दिवसभर एसटी डेपोत तिकिटांचा हिशेब, संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये न्यायाधीश. काशीकरची कान कोरायची सवय मला तेव्हा लागली ती अजून सुटलेली नाही, बायको अजून ओरडते.

नाटकाच्या शेवटी काशीकर घड्याळ पुढे धरतो आणि आरोपीला बोलायला दहा सेकंद देतो. प्रकाश बदलतो, कोर्टातले सगळे जिथे असतील तिथे गोठतात आणि बेणारे बोलायला लागते. दहा सेकंदांचं ते स्वगत आमच्याकडे नऊ मिनिटं चालायचं. ती नऊ मिनिटं माझा उजवा हात हवेत, हातात घड्याळ. तिसऱ्या मिनिटाला खांदा भरून यायचा, पाचव्याला घड्याळाचा पट्टा थरथरायला लागायचा आणि तो पहिल्या रांगेतून दिसायचा. मग मी एक युक्ती काढली. दहा सेकंद द्यायच्या वाक्यालाच पुढे झुकायचं आणि कोपर टेबलाच्या कडेला टेकवून ठेवायचं. डोळ्यांची उघडझाप मात्र थांबवता येत नाही, ती खाली बघून लपवायची. एका प्रयोगाला नाकावर डास बसला. तोही नऊ मिनिटं बसला.

स्पर्धेची पहिली फेरी आम्ही जिंकलो. पुढच्या फेरीआधी आमचे दिग्दर्शक मुंबईला सिनेमाचं कसलंसं शिबिर करून आले आणि म्हणाले, ‘माणसं काय पुतळे होतात का रे? नैसर्गिक वागा.’ झालं. वकील सुखात्म्याने फाइल चाळायची, साक्षीदार रोकडेने अंग चोरून बसायचं, मी कान कोरायचा. बेणारे जीव तोडून बोलतेय आणि प्रेक्षक बघतायत माझ्या कानाकडे. मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलंसुद्धा. प्रयोग संपल्यावर बेणारे करणारी मुलगी विंगेत आली, अर्धा तांब्या पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘काका, तुम्ही माझं ऐकत होतात की नव्हतात? मला शेवटपर्यंत कळलंच नाही.’

मी हेच दिग्दर्शकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘तू आपली तिकिटं मोज.’

पण त्या पोरीने एका वाक्यात जे विचारलं तेच स्वगताचं सगळं शास्त्र आहे. कोण ऐकतंय? रंगमंचावरचं कुणी ऐकत नसेल तर ते स्वगत, ऐकत असेल तर भाषण. आणि समोर बसून भाषण ऐकणारा काशीकर मधे बोलल्याशिवाय राहील का? हातोडा आपटेल, तिला गप्प करेल. त्याने तसं केलं नाही म्हणजे तो मूर्ख तरी आहे, नाहीतर एकदम दयाळू तरी झालाय. दोन्हींनी नाटक मरतं. तेंडुलकरांनी सगळ्यांना गोठवलं ते चमत्कृती म्हणून नाही. बाई आतून एवढं बोलते आणि कोर्टाच्या लेखी ती दहा सेकंद गप्प उभी असते, हा त्यातला काटा आहे.

आणि ‘अनैसर्गिक’ म्हणाल तर हे आपल्याकडे फार जुनं आहे. संस्कृत नाटकात कोण ऐकतंय याची नावंसुद्धा ठरलेली. स्वगत कुणालाच ऐकू जात नाही. जनान्तिक म्हणजे रंगमंचावर इतर लोक असताना दोघांनी आपसात बोलायचं. त्यासाठी नट त्रिपताक हस्त करतो: पंजा सरळ, फक्त अनामिका वाकवलेली. एक बोट वाकवलं की बाकीची पात्रं बहिरी, आणि प्रेक्षक ते मुकाट्याने मान्य करतात. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ओळीने उभी राहिलेली माणसंच पडदा होतात, ते पडद्यासारखे दिसतात का म्हणून कुणी भांडत बसलं नाही. नियम एकदा दाखवला आणि शेवटपर्यंत पाळला की झालं. आमच्या दिग्दर्शकांनी नियम अर्ध्यावर मोडला, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

सिनेमाबद्दल. तिथे स्वगत अवघडल्यासारखं वाटतं हे खरं, पण त्याचं कारण कॅमेरा जवळ जातो हे आहे. नाट्यगृहात विसाव्या रांगेला बेणारेचे डोळे दिसत नाहीत, तिला बोलावंच लागतं. क्लोजअपमध्ये पापणी हलली तरी पुरतं, वर शब्द घातले की तेच दोनदा सांगितल्यासारखं होतं. २०१४चा चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ बघा. तोही खटलाच, पण तिथे कॅमेरा बहुतेक वेळा लांब, एका जागी बसून असतो आणि कुणाला मन मोकळं करायची सोयच नाही. शेवटाकडे कोर्ट सुट्टीसाठी बंद होतं, दिवे विझतात, पडदा काळा होतो. आपण चपला शोधायला लागतो, आणि सिनेमा पुढे चालू होतो. काळोख असा ताणून धरणं हे तंत्रच आहे, फक्त त्याला संवाद लागत नाहीत.

कवितेतलं नाट्य बघायचं तर कुसुमाग्रजांची ‘कणा’ आहेच. पाठ असेल, तरी एकदा नाटकासारखी वाचा. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी बोलतोय आणि सर पूर्ण कवितेत एक शब्द बोलत नाहीत. सरांची हालचाल एकच, हात खिशाकडे जातो. तिथेच सगळं उलटतं, पोरगा उठतो. हात खिशाकडे गेला नसता तर ती पुराची बातमी झाली असती. ‘नटसम्राट’मधली ती लांबलचक स्वगतं लिहिणारे शिरवाडकर हेच, हे आमच्या दिग्दर्शकांना मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सुचलं परतीच्या एसटीत.

हो, पेरणी राहिली, म्हणजे पुढे कामाला येणारी गोष्ट आधीच सहज दाखवून ठेवणं. ती तिन्हीकडे सारखीच. ‘शांतता’च्या सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचं बोट सापडतं. आपण तो कडीचा खोडकरपणा समजून हसतो आणि विसरून जातो. पुढे तिला तिथून बाहेर पडायचं असतं तेव्हा तेच दार उघडत नाही. यावर स्वतंत्र उत्तर होईल, इथे थांबतो.

आता हेही सांगितलं पाहिजे की मी सिनेमा केलेला नाही, बघितलेत फक्त. आणि वाईट स्वगतं ढिगाने आहेत. पात्राला काय वाटतं ते प्रसंगातून दाखवता आलं नाही की लेखक त्याला एकटं पुढे उभं करतो. त्या बाबतीत तुमच्या सरांचं बरोबर आहे. आमच्या दिग्दर्शकांचंही, फार तर.

एकपात्रीसाठी बेणारे घेऊ नका. दर स्पर्धेत चार मुली तेच करतात, आणि गोठलेलं कोर्ट मागे नसल्यावर ते नुसतं रडणं होतं. घ्यायचंच असेल तर बाजूला एक खुर्ची ठेवा, तिच्यावर घड्याळ, आणि सुरुवातीला एकदाच तिकडे बघा. नंतर शेवटपर्यंत नाही. शब्द आधी वाचून वेळ मोजा. स्पर्धेत वेळ संपली की घंटा वाजते आणि तुमचे दहा सेकंद कुणी ताणून देत नाही.