पशुपालकांचे प्रश्न : पैदाशीच्या एडक्याचा खुराक

प्रश्न : आमचा एडका उन्हाळ्यात माळावर चरून रोडावतो. जूनमध्ये त्याचा खुराक वाढवला, तरी बऱ्याच मेंढ्या गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. काय करावे?
— एक मेंढपाळ वाचक, जत (जि. सांगली)

उत्तर : खुराक उशिरा सुरू होत आहे. एडक्याच्या वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुमारे सात आठवडे आणि त्यानंतर ते पक्व होण्यास आणखी दहा-बारा दिवस लागतात; म्हणजे जूनमध्ये कामाला येणारे वीर्य एप्रिल-मेच्या चाऱ्यावर घडलेले असते, आणि नेमक्या त्याच काळात माळावरच्या वाळलेल्या कुसळी गवतात प्रथिने व अ जीवनसत्त्व अत्यल्प उरते. शिवाय मेमधील उष्णतेचा ताण वेगळाच.

म्हणून एप्रिलच्या आरंभापासून चराईखेरीज रोज तीनशे ते चारशे ग्रॅम भरडा (जाडसर भरडलेले धान्य) व शेंगदाणा पेंड, सुबाभूळ किंवा शेवरीचा थोडा हिरवा पाला आणि जस्त, सेलेनियम असलेले खनिज मिश्रण द्यावे. सरकी पेंड स्वस्त पडत असली, तरी तिच्यातील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य दीर्घकाळ व अधिक प्रमाणात पोटात गेल्यास नराच्या प्रजननक्षमतेस बाधक ठरते, त्यामुळे पैदाशीच्या एडक्याला ती न दिलेली बरी. भरडा हळूहळू वाढवावा. एकदम वाढवल्यास पोटात आम्लता होते, आंत्रविषाराचा (आतड्यांतील जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या रोगाचा) धोका वाढतो. केवळ धान्यावर भर दिल्यास मूतखडाही होतो.

पाठीच्या कण्यावर हात फिरवल्यास हाडे जाणवावीत, पण टोचू नयेत. लठ्ठ एडका, दिसायला कितीही रुबाबदार असला, तरी उन्हात लवकर थकतो. मेंढ्यांत सोडण्यापूर्वी वृषणांची व खुरांची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी.