व्ही6 या जपानी पॉप गटातला ओकाडा जुनिची: आयडॉल (एजन्सीनं घडवलेला पॉप स्टार) म्हणूनच भूमिका मिळाल्या, की अभिनेता म्हणून खरंच मान आहे? पाहायला सुरुवात कुठून करावी?

खरंच मान आहे, आणि सुरुवात ‘द फेबल’ या चित्रपटापासून (2019) करा. 2015च्या जपान अकॅडमी पुरस्कारांत प्रमुख अभिनेता आणि सहायक अभिनेता ही दोन्ही बक्षिसं त्यालाच मिळाली, पहिलं ‘द इटर्नल झिरो’साठी, दुसरं ‘अ सामुराई क्रॉनिकल’साठी. त्याआधी 2014मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या वर्षभर चालणाऱ्या ऐतिहासिक मालिकेत तो नायक होता. पण खरं वळण 2007चं. ‘एसपी’ मालिकेतल्या अंगरक्षकाच्या भूमिकेसाठी त्यानं मारामारीचं शिक्षण मनावर घेतलं आणि पुढे काली, जीत कुन डो, शूतो या तिन्ही लढाऊ कलांत प्रशिक्षकाची पात्रता मिळवली. म्हणून ‘द फेबल’मध्ये तो मारामारी फक्त करत नाही, बसवतोही. 2021च्या दुसऱ्या भागात इमारतीभोवतीची परांची कोसळत असताना चाललेली झटापट बघा, नेमकं काय म्हणतोय ते कळेल. नंतर थेट नेटफ्लिक्सवरची ‘लास्ट सामुराई स्टँडिंग’ (2025): नायक, निर्माता आणि अ‍ॅक्शनचा आराखडा, तिन्ही तोच.

एक मात्र मान्य करायला हवं: 1995मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो व्ही6मधून पुढे आला आणि सुरुवातीच्या भूमिकांमागे एजन्सीचं वजन होतंच. गट 1 नोव्हेंबर 2021ला विसर्जित झाला, एजन्सी त्यानं 2023च्या नोव्हेंबरअखेर सोडली.

शोधताना लक्षात ठेवा, ओकाडा हे आडनाव आहे; इंग्रजी यादीत जुनिची आधी येतं.