आर्सेनल ४, मँचेस्टर युनायटेड ५

इंग्लिश फुटबॉलच्या जुन्या जमान्यातला, परक्या मैदानावर मिळवलेला कोणता विजय मनात घर करून राहिलाय, असं तुम्ही विचारलंय. बरेच जण १९८९ चं अ‍ॅनफिल्ड, म्हणजे लिव्हरपूलचं मैदान, सांगतील. लीग जिंकायला आर्सेनलला दोन गोलांचा फरक हवा होता आणि मायकल थॉमसने अगदी शेवटच्या क्षणी तो मिळवून दिला. तो सामना मोठाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझं उत्तर त्याच्या एकतीस वर्षं मागचं आहे आणि त्यात आर्सेनल आपल्याच घरी हरलंय. १ फेब्रुवारी १९५८, शनिवार, आर्सेनलचं लंडनमधलं मैदान हायबरी.

त्या दिवशीचा युनायटेडचा संघ मला पाठ आहे. ग्रेग, फोक्स, बर्न, कोलमन, जोन्स, एडवर्ड्स, मॉर्गन्स, चार्ल्टन, टेलर, व्हायोलेट, स्कॅनलन. तेव्हा नावं याच क्रमाने लिहायची पद्धत होती: गोलकीपर, दोन फुलबॅक, तीन हाफबॅक आणि पाच फॉरवर्ड. पाच फॉरवर्ड! तो खेळ कसा असेल याचा अंदाज या एका ओळीतूनच येतो. राखीव खेळाडू आत आणायची सोयही नव्हती. अकरा उतरले की तेच अकरा शेवटपर्यंत, पाय मुरगळला तरी.

मॅनेजर मॅट बस्बी यांनी शाळकरी वयातली मुलं हेरून, त्यांना क्लबच्याच युवा संघात घडवून हा संघ उभा केला होता. म्हणून त्यांना ‘बस्बी बेब्स’ म्हणत. १९५६ आणि १९५७, सलग दोन वर्षं ते लीगचे विजेते होते. उजव्या विंगेवरचा केनी मॉर्गन्स १८ वर्षांचा, बॉबी चार्ल्टन २०, डंकन एडवर्ड्स आणि एडी कोलमन २१. कर्णधार रॉजर बर्न अठ्ठाविशीत, म्हणजे या पोरांमध्ये तोच थोरला. सेंटर फॉरवर्ड टॉमी टेलर मात्र बार्न्सली क्लबकडून विकत घेतलेला. तीस हजार पौंडांचा शिक्का पोराच्या डोक्यावर बसू नये म्हणून बस्बींनी त्याची किंमत २९,९९९ पौंड ठरवली होती.

सामन्याआधी युनायटेडचे एक संचालक, जॉर्ज व्हिटेकर, लंडनच्या हॉटेलातच वारले. त्यामुळे खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून उतरले. पुढं काय झालं ते माहीत असलेल्या माणसाच्या अंगावर त्या फिती वाचताना काटा येतो.

आर्सेनल तेव्हा भरात नव्हतं. तो हंगाम त्यांनी बाराव्या जागेवर संपवला. पण संघ अगदीच लेचापेचा नव्हता. गोलकीपर जॅक केल्सी आणि कर्णधार डेव्ह बोवेन, दोघेही त्याच वर्षी वेल्सकडून वर्ल्ड कपला स्वीडनला गेले. पुढच्या फळीत डेव्हिड हर्ड आणि जिमी ब्लूमफील्ड. स्टेडियममध्ये ६३,५७८ माणसं, बहुतेक उभ्यानं, खांद्याला खांदा लावून.

दहाव्या मिनिटाला एडवर्ड्सने पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून सणसणीत फटका मारला. केल्सी झेपावला, पण उपयोग झाला नाही. एडवर्ड्स होता हाफबॅक, म्हणजे बचाव आणि चढाई यांच्यामधला गडी. पण तो कुठंही खेळायचा आणि जिथं खेळायचा तिथं सगळ्यांत भारी ठरायचा. अठराव्या वर्षी इंग्लंडकडून खेळला होता आणि एकविसाव्यापर्यंत त्याच्या नावावर १८ आंतरराष्ट्रीय सामने होते.

दुसरा गोल माझा सगळ्यांत आवडता. गोलकीपर ग्रेगने आपल्या गोलासमोर आर्सेनलची चढाई अडवली आणि चेंडू डावीकडं अल्बर्ट स्कॅनलनला मिळाला. स्कॅनलन सुटला तो जवळजवळ अख्खं मैदान कापत डाव्या कडेनं पळाला आणि चेंडू आत घातला. मागून धावत आलेल्या चार्ल्टनने तो न थांबवता हाणला. चेंडूला या गोलापासून त्या गोलापर्यंत जायला काही सेकंद. मध्यंतराच्या तोंडावर टेलरने तिसरा केला. ०-३.

इथं सामना संपला असं कुणालाही वाटलं असतं.

मग ५८ व्या मिनिटाला हर्डने एक फेडला. मैदान थोडं जागं झालं. साठाव्याला ब्लूमफील्डने दुसरा. तो गोंगाट विरायच्या आत कडेवरून गॉर्डन नटचा क्रॉस आला आणि ब्लूमफील्डने झेप घेऊन डोक्यानं चेंडू आत ढकलला. ३-३. तीनेक मिनिटांत तीन गोल! मी कोल्हापूरचा आहे, शाहू स्टेडियमवर पेठेपेठेचे सामने बघत वाढलोय. मागं पडलेल्या संघानं पाठोपाठ दोन गोल फेडले की स्टेडियमचं काय होतं ते मी कानांनी ऐकलंय. पाहुण्या संघाच्या पायांतलं बळच जातं. पास चुकतो, बॅक खेळाडू चेंडू कुठंही भिरकावतो, गोलकीपर उगाच ओरडायला लागतो. हायबरीत साठ हजारांवर माणसं होती.

हा विजय मी सगळ्यांच्या वर ठेवतो तो याच क्षणासाठी. तेव्हा विजयाला दोन गुण होते आणि बरोबरीला एक. परक्या मैदानावर ३-३ असताना कुठल्याही शहाण्या संघानं माणसं मागं घेतली असती आणि एक गुण पदरात पाडून गाडी पकडली असती. चार दिवसांनी बेलग्रेडला युरोपियन कपचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा, सामना होता. दम राखून ठेवायला तेही कारण पुरेसं होतं. युनायटेडनं यातलं काहीच केलं नाही. पोरांनी चेंडू उचलून मध्यावर आणला आणि खेळ पुन्हा पहिल्यासारखाच सुरू केला: बाजूनं बॉल, विंगरची धाव, आत क्रॉस.

चारेक मिनिटांनी स्कॅनलनच्याच क्रॉसवर डेनिस व्हायोलेटनं हेडर मारला. ३-४. बहात्तराव्या मिनिटाला टेलर गोलच्या बाजूला, शेवटच्या रेषेच्या इतका जवळ होता की तिथून गोल मारायला जागाच नव्हती. तो चेंडू आत, सोबत्यांकडं वळवणार असंच वाटत होतं. टेलरनं त्या फटीतून थेट गोलात मारला. ३-५. तरीही आर्सेनल वाकलं नाही. ७७ व्या मिनिटाला डेरेक टॅपस्कॉटनं चौथा गोल केला आणि शेवटची तेरा मिनिटं दोन्हीकडचे लोक श्वास रोखून बसले.

शिट्टी झाली तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात हात टाकून मैदानाबाहेर गेले. प्रेक्षकांनी जिंकणारा कोण, हरणारा कोण याचा विचार न करता दोघांनाही उभ्यानं दाद दिली. हरलेल्या संघाच्या घरी अशी दाद मिळणं किती अवघड असतं, ते आपल्या संघाला हरताना बघणाऱ्यालाच कळेल.

यानंतरचं तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. बुधवारी ५ फेब्रुवारीला बेलग्रेडमध्ये रेड स्टारविरुद्ध युनायटेडनं मध्यंतरापर्यंत पुन्हा ०-३ आघाडी घेतली आणि समोरच्यांनी पुन्हा ३-३ केली. पहिला सामना मँचेस्टरला २-१ जिंकलेला असल्यामुळं ते पुढं गेले. दोन्ही सामन्यांची बेरीज केलीत तर ती येते ५-४. पुढच्या शनिवारी लीगमध्ये अव्वल असलेल्या वुल्व्ह्‌जशी घरी गाठ होती, वेळेत परतणं भाग होतं, म्हणून क्लबनं खास विमान ठरवलं होतं. ६ फेब्रुवारीला ते इंधनासाठी म्युनिकला उतरलं. धावपट्टीवर अर्धवट वितळलेला बर्फ साचला होता. दोनदा उड्डाण सोडून द्यावं लागलं. तिसऱ्या वेळी विमानाला वेगच धरता आला नाही, ते कुंपण तोडून पलीकडच्या घरावर गेलं. विमानात ४४ माणसं होती, त्यातली २३ गेली. आठ खेळाडू गेले. बर्न, कोलमन, जोन्स आणि टेलर जागीच. एडवर्ड्स इस्पितळात १५ दिवस झुंजला आणि २१ फेब्रुवारीला गेला. म्हणजे हायबरीत उतरलेल्या त्या अकरांतले पाच तीन आठवड्यांत नव्हते. बर्न अपघातानंतर दोनच दिवसांनी एकोणतीस वर्षांचा होणार होता. दुसऱ्या गोलासाठी मैदान कापत गेलेला स्कॅनलन कवटी आणि पाय मोडून वाचला. ग्रेग मात्र जळत्या विमानात पुन्हा शिरला आणि एका तान्ह्या मुलीला आणि तिच्या गरोदर आईला बाहेर काढलं.

हायबरीचा हा सामना त्यामुळं नेहमी ‘बेब्सचा इंग्लंडमधला शेवटचा सामना’ म्हणूनच सांगितला जातो. माझी खरी तक्रार इथं आहे. असं सांगितलं की आधीच डोळे भरून येतात आणि सामना दिसतच नाही. स्कॅनलनची धाव आणि टेलरचा तो फटका, दोन्ही श्रद्धांजलीच्या हाराखाली झाकले जातात. त्या दुपारी ते कुणाचाही निरोप घ्यायला उतरले नव्हते. त्याआधीच्या लीग सामन्यात त्यांनी बोल्टनला ७-२ हरवलं होतं, वुल्व्ह्‌जला गाठायचं होतं, सलग तिसरी लीग जिंकायची होती. ते फक्त पुढचा गोल करायला खेळत होते. म्युनिक घडलंच नसतं तरी ३-३ वरून जिंकलेल्या या सामन्याला मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हेच स्थान दिलं असतं.

आर्सेनलच्या त्या दिवशीच्या खेळाडूंचंही नाव घ्यायला हवं: केल्सी, स्टॅन चार्ल्टन, इव्हान्स, वॉर्ड, फॉदरिंगहॅम, बोवेन, ग्रोव्ह्‌ज, टॅपस्कॉट, हर्ड, ब्लूमफील्ड, नट. तीन गोल अंगावर असताना मान टाकली नाही म्हणून तर हा सामना झाला. हर्ड पुढं युनायटेडकडूनच खेळला, १९६३ च्या एफए कप फायनलमध्ये त्यानं त्यांच्यासाठी दोन गोल केले. आणि बॉबी चार्ल्टन व बिल फोक्स, हायबरीच्या त्या अकरांतले हे दोघं १९६८ साली वेम्ब्लीवर बेन्फिकाला ४-१ हरवून युरोपियन कप जिंकणाऱ्या संघात होते.

कधी लंडनला जाणं झालं तर आर्सेनल स्टेशनला उतरा. हायबरी २००६ साली बंद झालं, आता तिथं फ्लॅट आहेत आणि मैदानाच्या जागी बाग आहे. पण अ‍ॅव्हेनेल रोडवरचा पूर्वेकडच्या स्टँडचा दर्शनी भाग अजून तसाच ठेवलाय. खेळाडूंच्या खोल्या त्याच स्टँडमध्ये होत्या. नऊ गोलांनंतर दोन्ही संघ गळ्यात हात टाकून आत गेले ते तिथंच.