रोमन आयर्लंडमध्ये पोहोचले होते का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्राचीन आयर्लंड आणि रोम यांच्या संबंधांविषयी येणाऱ्या पत्रांत तेच ते गैरसमज वारंवार आढळतात, म्हणून काही उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : आयर्लंड रोमन साम्राज्याचा भाग होता का?

उत्तर : नाही, कधीही नव्हता.

प्रश्न : म्हणजे एकही रोमन माणूस तेथे गेला नाही?

उत्तर : असेही नाही. किल्केनी परगण्यातील स्टोनीफर्ड येथे काचेच्या पात्रात ठेवलेली रक्षा, काचेची छोटी कुपी आणि ब्राँझचा आरसा सापडला आहे. हा अंत्यसंस्कार अस्सल रोमन पद्धतीचा आहे, त्यामुळे त्या रीतीने मृताला निरोप देणारे कोणीतरी तेथे राहत असावे.

प्रश्न : सेनापती आग्रिकोलाने आयर्लंडवर स्वारी केल्याचे एका व्हिडिओत पाहिले. ते खरे आहे का?

उत्तर : त्याचा जावई, रोमन इतिहासकार टॅसिटस, त्याच्या चरित्रात सांगतो ते एवढेच की, आग्रिकोलाने परागंदा झालेल्या एका आयरिश सरदाराला आश्रय दिला होता आणि एक लीजन (सुमारे पाच हजार सैनिकांचे रोमन सैन्यदल) व थोडी साहाय्यक फौज असली तर ते बेट जिंकता येईल, असे तो पुष्कळदा म्हणत असे. मनसुबा म्हणजे मोहीम नव्हे. व्हिडिओवर विसंबण्यापूर्वी टॅसिटसच्या 'आग्रिकोला' या छोट्या ग्रंथाचे भाषांतर वाचावे.

प्रश्न : डब्लिनच्या उत्तरेस ड्रमना येथे रोमन किल्ला सापडल्याची बातमी खोटी होती का?

उत्तर : 1996 मध्ये वृत्तपत्रांनी ती गाजवली, पण पुराव्यापेक्षा मथळा फार मोठा होता. समुद्रात घुसलेले ते भूशिर जमिनीच्या बाजूने मातीचे तट आणि खंदक घालून तोडलेले आहे, आणि ही रचना आयर्लंडची स्वतःची आहे. तेथे रोमन वस्तू मिळाल्या आहेत. त्यावरून व्यापाराचे ठाणे असावे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

प्रश्न : आम्ही डब्लिनजवळ राहतो. मुलाला इतिहासाची आवड आहे. मेटल डिटेक्टर घेऊन शेतांत रोमन नाणी शोधली तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. आयर्लंडमध्ये परवानगीशिवाय पुरावस्तू शोधण्यासाठी हे यंत्र वापरणे गुन्हा आहे, आणि त्या कायद्यामागे कटू अनुभव आहे. ड्रमनाच्या अनेक वस्तू अशाच चोरट्या शोधांतून बाहेर आल्या, त्यामुळे त्या जमिनीच्या कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत, चुलीजवळ होत्या की खंदकात, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. याउलट आयर्लंडमधीलच न्यूग्रेंज येथील पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यापाशी डोमिशियनपासून (इसवी सनाचे पहिले शतक) आर्केडियसपर्यंतच्या (सुमारे इ.स. 400) रोमन सम्राटांची नाणी मिळाली. ती थडग्याच्या दर्शनी भागापुढे होती हे ठाऊक असल्यामुळेच, लोक तेथे शतकानुशतके काही श्रद्धेने वाहत असावेत, असा तर्क करता येतो. तीच नाणी कोणी खिशात घालून नेली असती, तर उरली असती फक्त धातूची किंमत. 'एक-दोन नाण्यांनी काय बिघडते' हा युक्तिवाद मी फार वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी त्यामागे एखादा उद्ध्वस्त थर असतो. मुलाला डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात न्या. वाटेत काही दिसलेच तर ते उकरू नका, धुऊ नका. जागा टिपून ठेवा आणि विलंब न लावता संग्रहालयाला कळवा.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत एक जुने रोमन नाणे आहे. छायाचित्रावरून त्याचे मूल्य सांगाल का?

उत्तर : छायाचित्रावरून मी मत देत नाही. नाणे न घासता जाणकार नाणकशास्त्रज्ञाला प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न : ऑनलाइन दुकानात 'आयर्लंडमध्ये सापडलेले रोमन नाणे' प्रमाणपत्रासह मिळते. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. विक्रेत्याने स्वतःच छापलेले प्रमाणपत्र हा पुरावा नव्हे. आणि त्याचा दावा खरा असेल, तर ते नाणे विकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे आधी राष्ट्रीय संग्रहालयाला विचारावे.