'भटकणारी नदी' म्हणावे का?

प्रश्न : नद्यांवरच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करते आहे. 'मिअँडर' या शब्दाला कोशात 'नागमोडी वळण' आणि 'भटकणे' असे दोन्ही अर्थ दिसतात. 'भटकणारी नदी' लिहिले तर चालेल का? आणि नदीला नागमोडी नेमके केव्हा म्हणायचे?

उत्तर : 'भटकणारी' लिहू नका. मुळात 'मिअँडर' हे एका नदीचेच नाव. पश्चिम तुर्कस्तानातून एजियन समुद्राला मिळणाऱ्या ब्युयुक मेंडेरेसला प्राचीन ग्रीक मायआंद्रोस म्हणत. तिच्या वळणांमुळे वळणदार गोष्टीला तेच नाव पडल्याचे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने नोंदवले आहे. भटकण्याचा अर्थ नंतरचा.

भटकण्याला दिशा नसते, नदीच्या वळणाला कारण असते. वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळून तो पोखरते. तळाचे संथ पाणी गाळ घेऊन आतल्या काठाकडे सरकते. म्हणून बाहेर उभी दरड, आत वाळूचा उतार. (ढवळलेल्या चहाची पत्ती तळाशी मध्यभागी जमते तीही याच प्रवाहाने, आइन्स्टाइन यांनी १९२६ साली हे दाखवून दिले.) वळण वाढले की मधली जमीन चिंचोळी होते, पुरात ती तुटते आणि मागे नालाकृती, म्हणजे घोड्याच्या नालासारखे, सरोवर राहते.

मोजायला दोरा पुरतो. नकाशावर पात्राच्या मध्यरेषेने दोरा लावा, मग त्याच टप्प्यातल्या दरीची, म्हणजे नदी ज्या खोलगट पट्ट्यातून वाहते त्याची, लांबी मोजा. दोरा २४ सेंमी, दरी १५ सेंमी, तर भागाकार १.६. सहसा १.५ च्या पुढे नदी नागमोडी धरतात. दरीऐवजी दोन टोकांतले सरळ अंतर घेतले, तर दरीची वळणेही नदीच्या खाती पडतात. नकाशा १:५०,००० चा घ्या. वळणाची एक पूर्ण लाट पात्राच्या रुंदीच्या साधारण १० ते १४ पट असते; ५० मीटर रुंद नदीची लाट या नकाशावर १ ते १.४ सेंमी येते, १:१०,००,००० च्या नकाशावर मात्र जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. तिथे वळणे गाळलेलीच असतात आणि आकडा फसवा, कमी येतो. शिवाय वळणांची मालिका हवी. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा, पण त्या एका वळणावरून अख्खी भीमा नागमोडी ठरत नाही.

लेखात हाच शब्द माणसाला लावला असेल, तर 'रमतगमत हिंडणे' किंवा 'भटकणे' योग्य. भाषण 'भरकटते', लांबले तर 'पाल्हाळ' होते; 'नागमोडी भाषण' कानाला खटकते. 'आडवळणाने बोलणे' इथे नको, त्यात मुद्दाम लपवणे आले. 'वळसा'ही नको, तो ठरवून घालतात.