तुरटीचं मोलर मास २५८ की ४७४?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: अकरावी सायन्सला आहेस, मीठ, पाणी, साखर यांचं मोलर मास (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) बरोबर येतं, पण सूत्रात कंस किंवा मधे टिंब आलं की उत्तर चुकतं. त्यात तुरटीचं मोलर मास एका ठिकाणी २५८ दिलंय आणि दुसरीकडे ४७४, मग खरं कुठलं?

दोन्ही खरी आहेत, फक्त पदार्थ दोन आहेत. पंचगंगेला पूर आला, नळाला गढूळ पाणी यायला लागलं की आपण घागरीत जी फिरवतो ती काचेसारखी खड्याची तुरटी ४७४ ची. तीच तव्यावर टाकून लाही केली की जो पांढरा, हलका, पोकळ गोळा उरतो तो २५८ चा. मधले २१६ म्हणजे पाणी. खड्यात ते डोळ्यांना दिसत नाही, पण स्फटिकाच्या रचनेतच बसलेलं असतं. शाळेत त्याला स्फटिकजल म्हणायचो.

आता हिशोब. सूत्र नुसतं डोळ्यांनी बघू नकोस, तोंडाने वाच. कॉलेजात वाचतात तसंच: के ए एल, एस ओ फोर होल ट्वाइस, डॉट, ट्वेल्व्ह एच टू ओ, म्हणजे KAl(SO₄)₂·12H₂O. या ‘होल ट्वाइस’ मध्येच कंसाचं सगळं उत्तर आहे. कंसाबाहेरचा दोन हा कंसातल्या प्रत्येकाचा आहे, शेवटच्या ऑक्सिजनचा एकट्याचा नाही. म्हणजे गंधक दोन आणि ऑक्सिजन चार दुणे आठ. टिंब म्हणजे गुणाकार नव्हे, ते ‘आणि सोबत’ असं वाचायचं. टिंबापुढचा बारा हा पाण्याच्या अख्ख्या रेणूला लागतो.

किराणा मालाच्या यादीसारखं एकाखाली एक मांड. पोटॅशियम एक, ३९.०९८. ॲल्युमिनियम एक, २६.९८२. गंधक दोन, ३२.०६ प्रमाणे ६४.१२. ऑक्सिजन आठ, १५.९९९ प्रमाणे १२७.९९२. इथपर्यंत बेरीज २५८.१९२. मग पाणी वेगळं काढ: हायड्रोजन १.००८ चे दोन, ऑक्सिजन एक, मिळून १८.०१५. त्याची बारा पट २१६.१८. एकूण ४७४.३७२, म्हणजे ४७४.३७ ग्रॅम प्रति मोल. परीक्षेत ३९, २७, ३२, १६, १ असे पूर्णांक दिले असतील तरी बरोबर ४७४ च येतं.

ताळा करायचा असेल तर अणू मोजून बघ. ऑक्सिजन आठ आणि बारा मिळून वीस, हायड्रोजन चोवीस. या आकड्यांनी सरळ एकदाच बेरीज केली तरी ४७४.३७२ यायला हवं. मी अजूनही दोन्ही बाजूंनी करतो.

तुझं उत्तर काय येत होतं ते तू लिहिलं नाहीस, पण चुकीच्या आकड्यावरून चूक ओळखता येते. ४४२ आलं असेल तर कंसाबाहेरचा दोन फक्त ऑक्सिजनला लावलास, एक गंधक राहून गेला. २९८ आलं असेल तर बारा फक्त हायड्रोजनला लागला आणि पाण्याचा ऑक्सिजन एकटाच उरला. उत्तर पंचावन्न हजारांच्या घरात गेलं असेल तर टिंबाला गुणिले समजलास. ही शेवटची चूक हुशार मुलंही करतात, कारण गणितात तेच टिंब गुणाकाराचं असतं. दोष तुझा नाही, चिन्ह एकच असून काम वेगळं आहे.

एवढ्यावर सोडायचं नसेल तर घरी खात्री करून घे. मी बारावीत असताना केली होती. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे जाऊन त्यांच्या काट्यावर बरोबर १० ग्रॅम तुरटी मोजून घेतली. घरी लोखंडी तव्यावर मंद आचेवर ठेवली. आधी खडा पाझरल्यासारखा झाला आणि हळूहळू सगळाच वितळला. वरून थेंबभरही पाणी घातलं नव्हतं, आपल्याच आतल्या पाण्यात तो विरघळत होता. मग बुडबुडे, चर्र आवाज, वाफ, आणि बघता बघता पांढरी लाही फुगून वर आली. गार झाल्यावर डबीत घालून परत गुजरीत. काटा ५.६ वर थांबला. हिशोबाने ५.४४ यायला हवी होती, म्हणजे थोडं पाणी आत राहिलं होतं. पण दहातले साडेचार ग्रॅम पाणी असायला हवं असं वहीत लिहिलेलं, आणि जवळपास तेवढंच वजन तव्यावरून उडून गेलेलं! त्या दिवसापासून सूत्रातल्या टिंबाकडे मी कधी हलक्यात बघितलं नाही. तू करणार असशील तर घरातल्या मोठ्यांना सोबत घे, खिडकी उघडी ठेव आणि लाही झाल्यावर आच लगेच बंद कर, फार तापवली तर तुरटीच मोडते.

पुढे नोकरीत याच टिंबाने मला चांगलाच धडा दिला. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसातली रिड्युसिंग शुगर, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी साखर, किती आहे ते काढायला फेहलिंगचं द्रावण लागतं. त्यातल्या एका भागात लिटरला ६९.२८ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) असतं, निळं, म्हणजे पाच रेणू पाण्यासकटचं, ज्याचं मोलर मास २४९.६८. मी लागलो त्याच हंगामात एका रात्रपाळीला निळ्याची बाटली संपली होती. शेजारी कॉपर सल्फेटचीच दुसरी बाटली होती, पांढऱ्या भुकटीची. नाव तेच, म्हणून वजनही तेच घेतलं. भुकटी पाण्यात पडताच निळी झाली, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

ती भुकटी निर्जल होती, म्हणजे स्फटिकजल नसलेली. तिचं मोलर मास १५९.६०, तेवढ्याच तांब्यासाठी ४४.२८ ग्रॅम पुरली असती. मी ६९.२८ घातली आणि द्रावण दीडपटीहून जास्त तिखट झालं. तांबं जास्त, म्हणून ते संपवायला रसही जास्त लागला, आणि रिड्युसिंग शुगर आहे त्यापेक्षा कितीतरी कमी दिसली. ऊस शिळा झाला की ती वाढते, त्यामुळे कमी आकडा बघून ऊस ताजा येतोय असंच सगळ्यांना वाटलं. वापरण्याआधी द्रावणाचं प्रमाणीकरण, म्हणजे त्याची ताकद तपासणं, करायचं असतं, तेही मी घाईत सोडलं होतं. सकाळी आमच्या लॅब इनचार्जनी बाटली हातात घेतली, लेबलवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाले, “हा आकडा वाचलास?” रात्रभराचे सगळे रिपोर्ट रद्द करावे लागले.

म्हणून तुला सांगतो, रसायनाच्या बाटलीवर नावाखाली बारीक अक्षरात एम. डब्ल्यू. (मॉलिक्युलर वेट) असं लिहून पुढे आकडा छापलेला असतो. वजन करण्याआधी तो आपल्या हिशोबाशी जुळवून घ्यायचा. जुळला नाही तर बहुतेक वेळा फरक १८ च्या पटीतच निघतो. २४९.६८ मधून १५९.६० वजा करून १८.०१५ ने भागून बघ, बरोबर पाच येतात.

ग्रॅम प्रति मोल म्हणजे नेमकं काय, हे तू विचारलं नाहीस, पण दोन ओळीत सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात बारीक खिळे कुणी मोजून देत नाही, वजनावर देतात. अणूंचंही तसंच. मोल ही डझनासारखी एक ठरलेली संख्या आहे, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, आणि तेवढे नग भरायला किती ग्रॅम तोलायचे ते मोलर मास सांगतं. २०१९ पासून ही संख्या व्याख्येनेच पक्की केली आहे. क्लोरीनचा ३५.४५ असा अर्धवट आकडा बघून मुलं बावरतात. निसर्गात ३५ आणि ३७ वस्तुमानांकाचे क्लोरीन साधारण तीनास एक असे मिसळलेले असतात, त्यांची ती सरासरी आहे. त्याला ३५ किंवा ३६ करू नकोस.

आता सरावाला दोन घे माझ्याकडून: हिराकस, म्हणजे एफ ई एस ओ फोर डॉट सेव्हन एच टू ओ, आणि धुण्याचा सोडा, एन ए टू सी ओ थ्री डॉट टेन एच टू ओ. दोन्हींचं स्फटिकजलासकट आणि निर्जल, अशी चार उत्तरं काढ आणि इथे खाली लिही. खोडून नीटनेटकं करत बसू नकोस, जो आकडा येईल तो तसाच लिही. चुकला असेल तर कुठल्या पायरीवर चुकला ते आकड्यावरूनच सांगतो.